वकीलपत्र कोणाचे? नागरी हक्कांचे दावे आणि वकील मिळवण्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

न्यायालयात एखाद्याची बाजू मांडावयाची असेल तर वकिलाला त्याच्या पक्षकाराने सही करून दिलेले वकीलपत्र दाखल करावे लागते. हा कागद साधा असला तरी त्यात एक नाते दडलेले असते. वकील कोणाचा, तो कोणाच्या सूचनेने चालणार आणि त्याची फी कोण देणार, या तिन्ही गोष्टी त्यावरून ठरतात. दिवाणी वादात हे नाते स्पष्ट असते. मात्र अस्पृश्यता, सामाजिक बहिष्कार वा जातीय अत्याचार यांसारख्या नागरी हक्कांच्या प्रकरणांत ते तितकेसे सरळ राहत नाही. ज्याचा हक्क हिरावला गेला त्याच्याकडे बहुधा फीसाठी पैसा नसतो आणि गावात त्याचे वकीलपत्र घेणारा सहजी मिळत नाही. प्रस्तुत लेखात महाडच्या खटल्यापासून आजच्या कायद्यांपर्यंत या प्रश्नाची वाटचाल तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

महाडचा दावा (१९२७–१९३७)

मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्यानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले व्हावयाचे होते. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेसाठी जमलेल्या समुदायाने तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर डिसेंबरात सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा महाडमधील काही सवर्ण गृहस्थांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला.

या दाव्याची रचना लक्षणीय आहे. हक्क नाकारला गेला होता अस्पृश्यांचा, पण वादी झाले ते सवर्ण. डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी हे अस्पृश्यवर्गाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी होते. म्हणजे हक्क मागणाऱ्यांनाच न्यायालयात स्वतःचा बचाव करावा लागला. मनाई हुकुमामुळे २५ डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेसमोर मोठा पेच उभा राहिला. अखेर तळ्यावर जाणे तहकूब करून न्यायालयीन लढा लढण्याचा निर्णय झाला. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला, परंतु मूळ दाव्याचा निकाल लागण्यास ८ जून १९३१ उजाडले. त्यावरील अपील ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय १७ मार्च १९३७ रोजी आला. मूळ दाव्यापासून ही नऊ वर्षे तीन महिन्यांची वाटचाल होती.

उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांनी दिलेल्या निर्णयाचा आधारही अभ्यासण्यासारखा आहे. न्यायालयाने समतेच्या तत्त्वाचा उद्घोष केला नाही. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालीन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर अपील फेटाळले गेले. तत्त्वाचा प्रश्न पुराव्याच्या प्रश्नात रूपांतरित झाला आणि तेथेच जिंकला गेला. असा खटला चालविण्यासाठी दाव्यातील कच्चे दुवे हेरणारी, जुनी कागदपत्रे व साक्षी तपासणारी आणि वर्षानुवर्षे न थकणारी वकिली आवश्यक असते.

येथे प्रतिवादींपैकी प्रमुख व्यक्ती स्वतःच बॅरिस्टर होती. १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२३ पासून मुंबईत वकिली सुरू केली होती. पक्षकार आणि कायदेपंडित एकाच व्यक्तीत एकवटले होते. महाडचा विजय जितका प्रेरक, तितकाच तो अपवादात्मकही होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविणे आवश्यक आहे. प्रत्येक गावाच्या पाणवठ्यासाठी एक आंबेडकर मिळणे शक्य नव्हते.

मराठवाड्याची स्थिती

१९३७ चा निर्णय मुंबई इलाख्यापुरता होता. कळंब तालुक्यासह उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील उच्च न्यायालय वेगळे आणि कामकाजाची भाषा उर्दू. सामान्य मराठी रयतेला आपल्याच फिर्यादीचा मजकूर दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागे. अशा परिस्थितीत हक्काची मागणी न्यायालयापेक्षा परिषदेच्या व्यासपीठावरून होणे स्वाभाविक होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदार परिषद झाली. कळंबला जाणारा प्रवासी ज्या कळंब रोड स्थानकावर उतरत असे, ते याच गावाचे. महाडला जो खटला लढत होता तोच नेता येथे वकील म्हणून नव्हे, अध्यक्ष म्हणून आला. वतनदारांच्या प्रश्नाचे स्वरूपच असे होते की, तो एका दाव्यात सुटणारा नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे अधिकारक्षेत्र येथे पोहोचले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला सुरू होण्यास मात्र १९८१ साल यावे लागले. तोपर्यंत वरच्या न्यायालयातील वकिलासाठी कळंबच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागे.

१९७६ : दोन देश, दोन मार्ग

राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने ती पाळणे शिक्षापात्र ठरविले. महाडच्या दिवाणी दाव्याच्या तुलनेत हा मोठा बदल होता. आता गुन्ह्याचा खटला शासन चालविणार होते. पण त्याचबरोबर वकीलही शासनाचा झाला. पीडित व्यक्ती खटल्याची पक्षकार न राहता साक्षीदार बनली.

नोव्हेंबर १९७६ मध्ये या कायद्यात सुधारणा होऊन त्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाले. नव्या १५ अ कलमाने पीडितांना कायदेविषयक साहाय्यासह पुरेशा सुविधा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्याच वर्षीच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९ अ हा अनुच्छेद आणून मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व बनविले. १९७८ मध्ये हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य आणि १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने या साहाय्याचा संबंध अनुच्छेद २१ शी जोडला.

योगायोग असा की, ऑक्टोबर १९७६ मध्येच अमेरिकेत नागरी हक्कांच्या वकिलांच्या फीसंबंधी कायदा झाला. तेथे चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गूड मार्शल यांच्यासारख्या वकिलांनी कृष्णवर्णीयांच्या संघटनांच्या निधीवर दावे लढवून १९५४ चा ब्राउन निर्णय मिळविला होता. १९७६ च्या कायद्याने जिंकणाऱ्या पक्षाच्या वकिलाची वाजवी फी पराभूत पक्षाकडून देवविण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. त्यामुळे गरीब पक्षकाराचे वकीलपत्र घेणे खाजगी वकिलालाही परवडू लागले. अमेरिकेने वकिलाचे पक्षकाराशी असलेले नाते कायम ठेवून फीचा भार हलविला. भारताने फीसोबत वकिलाच्या निवडीची जबाबदारीही बहुतांशी शासनाकडे सोपविली. गरिबाला खर्च करावा लागत नाही हा आपल्या मार्गाचा गुण, तर वकील आपला नसल्याची भावना ही त्याची मर्यादा होय.

अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि पीडिताचा वकील

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मधील कलम १५ ने विशेष सरकारी वकिलाची तरतूद केली. १९९५ च्या नियमांपैकी नियम ४(५) याहून पुढे जातो. जिल्हाधिकाऱ्याला आवश्यक वाटल्यास किंवा पीडिताची तशी इच्छा असल्यास नामांकित ज्येष्ठ वकील नेमता येतो आणि त्याची फी शासन देते. पीडिताच्या इच्छेला नेमणुकीत स्थान देणारी ही तरतूद ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची आहे. तथापि तिचा उपयोग अर्ज करण्यावर अवलंबून आहे, आणि ज्याला नियमच ठाऊक नाही तो अर्ज कसा करणार?

केवळ नामवंत वकील नेमला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या खटल्यात विशेष सरकारी वकील नेमले गेले आणि २००८ मध्ये आरोपींना खुनाबद्दल शिक्षाही झाली, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध मानले गेले नाहीत. गुन्ह्यामागील जातीचे वास्तव न्यायालयासमोर कोणी आणि कसे मांडावयाचे, हा प्रश्न त्यामुळे तीव्रतेने पुढे आला.

२००९ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्तीने सरकारी पक्षाला साहाय्य करण्यासाठी, न्यायालयाच्या परवानगीने, पीडिताला स्वतःचा वकील देण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०१६ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील नवे १५ अ कलम अमलात आले. जामीन, दोषमुक्ती, शिक्षा यांविषयीच्या कार्यवाहीत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आणि वकील वा सामाजिक कार्यकर्त्याचे साहाय्य घेण्याचा हक्क त्याने पीडिताला दिला. पीडिताला नोटीस देणे व त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केले. साक्षीदार बनलेली व्यक्ती अशा रीतीने पुन्हा पक्षकाराच्या जवळ येऊ लागली आहे.

तालुका पातळीवरील अर्थ

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. परंतु तालुक्याच्या ठिकाणी वकील, पक्षकार आणि आरोपी हे एकाच बाजारपेठेत व एकाच नात्यागोत्यात वावरतात. ज्याच्या घरची दिवाणी कामे वर्षानुवर्षे आपल्याकडे आहेत, त्याच्याविरुद्ध मजुराचे वकीलपत्र घेणे वकिलासाठी सोपे नसते. हा दबाव कायद्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेला नाही, तरी खटल्याचे भवितव्य त्याने ठरू शकते. बाहेरचा वकील मागण्याची नियम ४(५) ची तरतूद म्हणूनच ग्रामीण भागात अधिक मोलाची ठरते.

निष्कर्ष

महाडला वकील आणि पक्षकार एक होते. १९५५ नंतर वकील शासनाचा झाला आणि पीडित मागे सरला. १९९५ चे नियम व २०१६ पासूनची तरतूद यांनी पीडिताच्या इच्छेला पुन्हा जागा दिली. या वाटचालीवरून असे दिसते की, नागरी हक्काची परिणामकारकता हक्काच्या शब्दांइतकीच तो मांडणारा वकील कोणाला उत्तरदायी आहे यावर अवलंबून असते. पीडिताच्या इच्छेनुसार वकील नेमण्याचा अर्ज कोणाकडे आणि कोणत्या नियमाखाली करावयाचा, एवढी माहिती तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेला गावोगावी नेता येईल. त्याचप्रमाणे स्थानिक न्यायालयात असे खटले लढविलेल्या ज्येष्ठ वकिलांच्या आठवणी नोंदवून ठेवणे हे इतिहास व राज्यशास्त्र विभागांचे तातडीचे काम आहे. ती पिढी निघून गेल्यावर तालुक्याच्या न्यायालयातील या लढ्याचा इतिहास केवळ निकालपत्रांत उरेल, आणि निकालपत्रात वकीलपत्र नाकारणाऱ्यांची नोंद नसते.