दोन सांधे, आठ वाघिणी

१८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने चावीची आगगाडी मांडली, सोबत एकमेकांना जोडत न्यायचे रूळ. रुळांची मापंही तिनेच ठरवून दिली. त्यातल्या सर्वांत लहान मापात दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलीमीटरच्या आसपास होतं. साधं वर्तुळ घालायचं तरी खोलीतलं सामान हलवावं लागे.

मग गाडी लहान होत गेली. १९२२च्या सुमारास बिंग कंपनीची टेबलावर मावणारी रेल्वे आली. १९३५मध्ये ट्रिक्स आणि मेर्कलिन यांनी १६.५ मिलीमीटरवर विजेच्या गाड्या धावत्या केल्या. साठच्या दशकात आर्नोल्ड कंपनीने ९ मिलीमीटर गाठले. तरीही झोपायच्या खोलीत गाडी मावण्याचा प्रश्न सुटेना, कारण खरी अडचण वळणाची होती. १६.५ मिलीमीटरच्या गाडीलाही गोल फिरायला अडीच-तीन फूट रुंद टेबल लागतं. ते भिंतीला टेकवलं, तर पलीकडे घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचत नाही.

गाडी गोल फिरलीच पाहिजे का, असं विचारणाऱ्या माणसांनी ही कोंडी फोडली, आणि माझ्या मते या छंदातला तोच सर्वांत मोठा शोध आहे. 'रेल्वे मॉडेलर' मासिकाचे संपादक सिरिल फ्रीझर यांनी १९५७मध्ये 'मिनरीज' नावाचा आराखडा छापला. शहरातलं छोटंसं शेवटचं स्थानक, एवढाच त्याचा विषय. स्थानकातून सुटलेली गाडी आडोशामागच्या रुळांवर जाऊन थांबते आणि तिथूनच परत येते. लांबट फळी भिंतीलगत बसते.

अ‍ॅलन राइट यांनी तर स्थानकही वगळलं. नॉर्थंबरलँडमधल्या किलहॅम इथल्या मालगाडीच्या सायडिंगवरून त्यांनी 'इंगलनूक' नावाचं कोडं रचलं. यात सांधे, म्हणजे गाडीचा रूळ बदलायच्या जागा, दोन आणि फाटे तीन. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. ओढून घ्यायच्या रुळावर इंजिन आणि तीनच वाघिणी. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. हवी ती वाघीण नेमकी आत अडकलेली असते. पुढच्या दोन ओढायच्या, शेजारच्या फाट्यावर ढकलायच्या, सांधा बदलून परत यायचं. एकाच वेळी पाच ओढता येत नाहीत, म्हणून दर खेपेला डोकं चालवावं लागतं. असे क्रम ६,७२० होतात. हे सगळं मावतं चार-पाच फूट लांब, फूटभर रुंद फळीवर. ९ मिलीमीटरच्या मापात जवळपास निम्म्या लांबीत.

पुण्यात कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून भारावलेले पुष्कळ जण घरी जागा नाही म्हणून छंद सोडून देतात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे : कपाटावरची किंवा खिडकीखालची जागा मोजा, एक फळी कापून आणा आणि पहिला सांधा बसवा.