मृत्युनोंदीतून निसटलेले अंधत्व

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आरंभीचा इतिहास हा मृत्यूच्या नोंदीचा इतिहास आहे. जो रोग जीव न घेता दृष्टी हिरावून घेतो, त्यास या वर्गीकरणात स्थान कसे मिळाले, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय. उदाहरणादाखल परम्याच्या जंतूमुळे नवजात अर्भकास होणारा नेत्राभिष्यंद घेतला आहे.

या रोगाचे ज्ञान वर्गीकरणाच्या आधीच परिपक्व झाले होते. १८७९ मध्ये नायसर यांनी त्याचा जंतू दाखवून दिला. १८८१ मध्ये लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी जन्मतःच अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याचा उपाय प्रसिद्ध केला. त्यांच्या सूतिकागृहात रोगाचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एक टक्क्याखाली उतरले. तथापि १८९३ मध्ये शिकागो येथे बेर्तियाँ यांनी मांडलेली सूची मृत्यूच्या कारणांची होती. अंध झालेले मूल जगत असल्यामुळे ते तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

इंग्लंडमध्ये ही उणीव कायद्याने भरून काढावी लागली. १९१४ च्या नियमांनी या रोगाची सूचना देणे सक्तीचे केले. मात्र तेथील व्याख्या लक्षणावर आधारलेली होती : जन्मापासून एकवीस दिवसांच्या आत सुरू झालेला डोळ्यांतील पुवाचा स्राव. जंतुपरीक्षेवाचून रुग्ण हाती लागे, हा तिचा लाभ. भिन्न जंतूंचे रोग एकाच नावाखाली जमा होत, ही तिची मर्यादा.

आंतरराष्ट्रीय सूचीत मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश झाला तो १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. पुढे १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीने परम्याच्या नेत्ररोगास ए ५४.३ हा संकेतांक देऊन तो संसर्गजन्य रोगांत ठेवला. क्लॅमिडियाजन्य अथवा कारण न कळलेला नवजात नेत्राभिष्यंद मात्र पी ३९.१ या संकेतांकाखाली, प्रसवकालीन विकारांत गेला. म्हणजेच इंग्लंडच्या नियमाने जे एकत्र केले होते, ते येथे कारणानुसार विभागले गेले.

या विभागणीचा परिणाम अभ्यासकाने ध्यानी घ्यावयास हवा. जेथे प्रयोगशाळा नाही, तेथे परम्याचा रुग्णही अनिश्चित कारणाच्या रकान्यात जाण्याचा संभव असतो. म्हणून ए ५४.३ खालील अल्प संख्या रोगाच्या विरळपणाची साक्ष देते, तशीच ती परीक्षेच्या अभावाचीही देऊ शकते. १९१४ नंतरचे आकडे व आजचे आकडे शेजारी ठेवून रोग ओसरल्याचे अनुमान काढण्यापूर्वी, दोन्ही ठिकाणी मोजली गेलेली वस्तू एकच आहे काय, हे प्रथम तपासले पाहिजे.