आशुमृतकपरीक्षा : दोन पतनें आणि त्यांचे कागद

अकस्मात् मरण पावलेल्या मनुष्याचें प्रेत पुढें आलें असतां राजपुरुषानें काय करावें, याचा विचार कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत स्वतंत्र प्रकरण घालून केला आहे. त्या प्रकरणाचें नांव आशुमृतकपरीक्षा. प्रेतास तेल लावून तें तपासावें. हात, पाय, दांत, नखें काळसर असल्यास विषाचा संशय धरावा. गात्रें मोडून फुटलेलीं असल्यास उंचावरून टाकला गेला असें जाणावें. मग मृताचे सेवक, आप्त व धंद्यांतील प्रतिस्पर्धी यांस खोदून विचारावें, असा त्याचा क्रम आहे. हा ग्रंथ एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहास दिलेल्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, हें पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, उंचावरून पडलेल्यास कौटिल्य ‘अवक्षिप्त’ म्हणतो. हें कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. टाकला गेला तो कोण हें त्यांत कळतें. टाकणारा कोण तें कळत नाहीं. दुसऱ्यानें लोटलें, स्वतः उडी घेतली, कीं भ्रमांत तोल गेला, हें मोडलेल्या हाडांवरून सहसा वाचतां येत नाहीं. तें काम साक्षीदारांचें व कागदांचें.

पुणेकरांस या अडचणीचें उदाहरण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. २५ ऑक्टोबर १७९५, रविवार, या दिवशीं सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यांत वरून खालीं कारंज्यावर पडले व दोन दिवसांनीं वारले. वय अवघें एकवीस वर्षांचें. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत ती बुद्ध्या घेतलेली उडी म्हणून लिहिली. नाना फडणिसांचा कडक बंदोबस्त, बाजीरावाशीं चाललेला गुप्त पत्रव्यवहार उघडकीस येणें व त्यामुळें आलेली खिन्नता, अशी कारणपरंपराही त्यानें दिली. मागाहूनच्या मराठी इतिहासकारांपैकीं कित्येकांनीं तापाच्या भ्रमांत तोल गेला असें मानलें. दोन्ही पक्षांस पडणें मान्य आहे. वाद आहे तो पडणाऱ्याच्या मनाविषयीं, आणि मनाचा रुमाल कोणत्याही दप्तरांत सांपडत नसतो. आम्हीं शाळेंत पस्तीस वर्षें हा प्रसंग शिकविला. पहिलीं दहा वर्षें ‘उडी टाकली’ असें सांगत होतों, पुढें ‘पडले’ एवढेंच सांगूं लागलों.

याच जातीचें, पण आमच्या जन्माच्या थोडेंच आधीं घडलेलें एक परदेशी प्रकरण आज वाचकांपुढें मांडतों. त्यांत राजा नाहीं, शास्त्रज्ञ आहे; वाडा नाहीं, खाणावळीची बहुमजली इमारत आहे; आणि कारभाऱ्याच्या जागीं आधुनिक राज्याचें हेरखातें आहे. मराठी इतिहासाशीं त्याचा संबंध नाहीं हें खरें. परंतु त्या प्रकरणांत कागद कसे लपले, कसे जळले व कसे उरले, याचा संबंध आपणां सर्वांच्या उद्योगाशीं आहे.

फ्रँक ओल्सन हा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांतला. पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें त्याच महिन्यांत, म्हणजे जुलै १९१० मध्यें, त्याचा जन्म झाला. जंतुशास्त्रांत त्यानें विस्कॉन्सिन विद्यापीठाची उच्च पदवी मिळविली आणि दुसऱ्या महायुद्धांत मेरीलँडमधील कँप डेट्रिक येथें सैन्याच्या नोकरींत शिरला. रोगजंतु हवेंतून शत्रूवर कसे सोडतां येतील याचें संशोधन तेथें गुप्तपणें चालत असे. ज्या शहरानें १८९७ सालचा प्लेग पाहिला त्यास अशा संशोधनाचा अर्थ समजावून देण्याचें कारण नाहीं.

सी. आय. ए. या हेरखात्यानें १३ एप्रिल १९५३ रोजीं एका योजनेस मंजुरी घेतली. खात्याचा मुख्य अॅलन डलेस हा होता; योजनेचें सांकेतिक नांव एम. के. अल्ट्रा, आणि सूत्रें सिडनी गॉटलीब नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातीं. मनुष्याचें मन औषधांनीं ताब्यांत घेतां येईल काय, कैद्याच्या तोंडून त्याच्या इच्छेविरुद्ध सत्य काढतां येईल काय, हें पाहावयाचें होतें. औषधांत प्रमुख एल. एस. डी. हें होतें. धान्यावर पडणाऱ्या अर्गट नांवाच्या बुरशींतील द्रव्यांवर काम करीत असतां आल्बर्ट हॉफमन यानें स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं १९३८ सालीं तें प्रथम सिद्ध केलें, व त्याचा मनावरील विलक्षण परिणाम १९४३ सालीं त्यास स्वतःच्या अनुभवानें कळला. अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणांत शत्रूस वेड लावणारे योग सांगितले आहेत, तेव्हां राज्यकर्त्यांची ही हौस नवी नव्हे. मात्र कौटिल्याचे योग शत्रूकरितां होते.

१९ नोव्हेंबर १९५३ रोजीं, गुरुवारीं रात्रीं, मेरीलँडमधील डीप क्रीक तलावाकांठच्या एका घरांत हेरखात्याचे व कँप डेट्रिकचे लोक जमले होते. जेवणानंतर दिलेल्या मद्यांत गॉटलीबच्या योजनेप्रमाणें एल. एस. डी. मिसळलें होतें. बहुतेकांनीं तें घेतलें. त्यांत ओल्सनही होता. सुमारें वीस मिनिटांनीं त्यांस खरा प्रकार सांगण्यांत आला. ओल्सन घरीं परतला तो बदललेला मनुष्य होता. आपल्या हातून मोठी चूक झाली असें तो पत्नीस म्हणाला, चूक कोणती तें सांगेना. आणि सोमवारीं कचेरींत जाऊन नोकरी सोडण्याची इच्छा त्यानें वरिष्ठास कळविली. दुसऱ्याच दिवशीं त्यास न्यूयॉर्कला नेलें. ज्या डॉक्टराकडे नेलें तो मनोविकारांचा वैद्य नव्हता. अॅलर्जीच्या विकारांचा तज्ज्ञ असून हेरखात्याच्या एल. एस. डी.च्या प्रयोगांत सामील असल्यामुळें विश्वासांतला होता, एवढीच त्याची योग्यता. आजारी मनुष्यापेक्षां गुपिताची काळजी अधिक होती, हें या एकाच निवडीवरून आम्हांस उघड दिसतें.

२८ नोव्हेंबरच्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर, ओल्सन स्टॅटलर हॉटेलांतील १०१८-ए या खोलीच्या खिडकींतून खालीं रस्त्यावर पडून मेला. मजला कोणी दहावा सांगतात, कोणी तेरावा. आधुनिक नगरांतील प्रकरणांतही अशी तफावत राहते, तेव्हां बखरकारांस फार दोष देऊं नये. खोलींत त्याजबरोबर गॉटलीबचा दुय्यम रॉबर्ट लॅशब्रुक होता. कांच फुटल्याच्या आवाजानें आपण जागे झालों, असें त्यानें सांगितलें. खिडकी बंद होती व पडदा ओढलेला होता. त्या दोन्हींतून ओल्सन बाहेर गेला. लॅशब्रुक खालीं मित्राजवळ धांवला नाहीं. पोलीस वर आले तेव्हां तो न्हाणीघरांत डोकें हातांत धरून बसला होता. मधल्या वेळांत त्यानें दूरध्वनीवर कोणाशीं तरी फार थोडकें बोलणें केलें, असें हॉटेलच्या रात्रपाळीच्या व्यवस्थापकानें पुढें सांगितलें. घरच्या मंडळींस, तो पडला किंवा त्यानें उडी घेतली, एवढेंच कळविलें गेलें. ‘किंवा’ या अव्ययावर एका विधवेनें व तीन लेंकरांनीं बावीस वर्षें काढलीं. शवपेटी बंद ठेवून दफन झालें. खात्यानें आंतल्या आंत चौकशी केली. शेवटीं गॉटलीबला डलेसची सौम्य समज देणारी चिठ्ठी मिळाली आणि त्याचें काम पुढें चालू राहिलें.

जून १९७५ मध्यें रॉकफेलर आयोगाचा अहवाल बाहेर पडला. त्यांत सैन्याच्या एका नोकरास नकळत एल. एस. डी. दिल्याचा व तो न्यूयॉर्कमध्यें खिडकींतून पडून मेल्याचा उल्लेख होता, नांव नव्हतें. वर्तमानपत्रांत तें वाचून ओल्सनच्या घरच्यांनीं आपला मनुष्य ओळखला. २१ जुलै रोजीं राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं कुटुंबास बोलावून सरकारतर्फें क्षमा मागितली. खात्याचे मुख्य कोल्बी यांनीं कागदांचा एक गठ्ठा दिला, आणि १९७६ सालीं कायदा करून साडेसात लक्ष डॉलर देण्यांत आले. क्षमायाचनेच्या त्याच महिन्यांत राष्ट्राध्यक्षांच्या कचेरींत लिहिलेल्या एका टिपणांत, हें प्रकरण कोर्टांत चाललें तर अतिगुप्त माहिती उघड करावी लागेल, अशी धास्ती व्यक्त केली आहे. तें टिपण पुढें उघड झालें. एकाच महिन्याचे हे दोन कागद, एक लोकांस दाखविण्याचा व एक आपसांतला, शेजारीं ठेवून वाचावे. नुसत्या पहिल्यावर भिस्त ठेवणारा संशोधक फसतो.

आतां दप्तराविषयीं. १९७३ सालीं खात्याचे मुख्य रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकुमानें एम. के. अल्ट्राचे कागद नष्ट करण्यांत आले. काम चोख झालें असें सर्वांस वाटलें. परंतु १९७७ सालीं एका संशोधकानें माहितीच्या कायद्याखालीं अर्ज केल्यावरून शोध करतां सुमारें वीस हजार पृष्ठें निघालीं. तीं वांचलीं कां? तर तीं जमाखर्चाचीं म्हणून निराळ्या जागीं ठेवलेलीं होतीं. कोणास किती पैसे दिले, कोणत्या कामाकरितां, मंजुरी कोणाची, एवढाच रुक्ष मजकूर. त्यावरून १४९ उपयोजना, ८० संस्था व खात्याबाहेरील १८५ संशोधक यांचा माग लागला, आणि ३ ऑगस्ट १९७७ रोजीं अमेरिकेच्या सेनेटपुढें त्याची सुनावणी झाली. पाप करणारे पत्रें जाळतात. पण हिशेबनिसास आपली कीर्द मेळवावयाची असते, ती त्याच्या हातून जाळवत नाहीं. आमच्या संग्राहक मित्रांस एक दुखणें आहे. पत्राच्या मोडी बंदाकरितां ते दहा गांवें हिंडतील, आणि त्याच पेटींतील रोजकीर्द, खतावणी व शागीर्दपेशाच्या यादी वाण्याच्या दुकानीं जाऊं देतील. एका वाड्यांत अशा यादींच्या पुड्या बांधलेल्या आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या. त्यांतील दोन मागून घेतल्या, बाकीच्यांत हिंग-जिरें गेलें. सवाई माधवरावांच्या अखेरच्या दिवसांविषयीं वाद घालणाऱ्यांनीं वैद्यास दिलेल्या पैशाची नोंद कोणत्या तारखेपासून लागते, हें आधीं पाहिलें पाहिजे.

ओल्सनचा वडील मुलगा एरिक याचें समाधान पैशानें झालें नाहीं. २ जून १९९४ रोजीं त्यानें बापाचें प्रेत उकरून काढविलें आणि जेम्स स्टार्स या न्यायवैद्यक पंडिताच्या मंडळीकडून तपासविलें. एक्केचाळीस वर्षांनीं झालेली ही आशुमृतकपरीक्षाच. १९५३ च्या तपासणींत तोंडावर व मानेवर कांचेच्या जखमा लिहिल्या होत्या. त्या आढळल्या नाहींत. उलट डाव्या डोळ्यावर कवटीला लागून रक्त सांकळल्याची खूण आढळली. ती पडण्यापूर्वीं खोलींतच बसलेल्या आघाताची असावी असें मंडळींपैकीं बहुतेकांचें मत पडलें; स्टार्स यांनीं वधाकडे बोट दाखविलें. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनीं १९९६ मध्यें प्रकरण पुन्हां हातीं घेतलें, पण खटला उभा राहिला नाहीं. कुटुंबाचें म्हणणें असें कीं, १९५३ च्या उन्हाळ्यांत युरोपांत ओल्सननें कैद्यांवरील निर्दय प्रकार पाहिले, त्याचें मन विटलें, व तो बोलेल या भीतीनें त्यास संपविलें.

१९९७ सालीं ग्वाटेमालाच्या कागदांबरोबर खात्याचें १९५३ च्या सुमाराचें एक मार्गदर्शक पुस्तक उघड झालें. गुप्त वधास अपघाताचें रूप द्यावयाचें तर पंचाहत्तर फूट किंवा अधिक उंचीवरून कठीण जमिनीवर पाडणें हा उत्तम उपाय, असें त्यांत शिकविलें आहे. पुष्कळांस हा कागद निर्णायक वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच पुस्तकांत मारणाऱ्यानें लगेच आरडाओरड करून घाबरलेल्या साक्षीदाराचें सोंग घ्यावें असेंही सांगितलें आहे. लॅशब्रुकनें तर तोंडांतून शब्द काढला नव्हता. खात्यास ती विद्या येत होती एवढें त्या कागदानें सिद्ध होतें. त्या रात्रीं ती वापरली हें होत नाहीं. ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट परंपरेनें प्रत्येक मराठी मुलास पाठ आहे. पण नारायणरावाच्या खुनाचा विचार करतांना अस्सल चिठ्ठी आणि तिजविषयींची आख्यायिका हीं दोन निराळीं प्रमाणें आहेत, हें आपण विसरत नाहीं. तोच न्याय येथेंही लावला पाहिजे.

आमचें मत विचाराल तर तें असें. विषप्रयोग सिद्ध आहे. त्यास विष म्हणण्यांत आम्हांस संकोच नाहीं, कारण न सांगतां दिलेलें औषध विषच होय. नोकरी सोडण्याची इच्छा, अयोग्य डॉक्टर, कुटुंबापासून लपवालपवी, दप्तराचा नाश, हेंही सिद्ध आहे. कोणी लोटलें हें सिद्ध नाहीं. परंतु त्यानें स्वतः उडी घेतली हेंही तितकेंच असिद्ध आहे, आणि सरकारी मत म्हणून त्यास अधिक वजन देण्याचें कारण नाहीं. ज्याच्या ताब्यांत पुरावा होता त्यानेंच तो जाळला असतां संशयाचा फायदा त्यास देऊं नये. मुलांनीं २०१२ सालीं केलेला दावा पुढच्या वर्षीं न्यायाधीशानें मुदतीच्या व जुन्या तडजोडीच्या मुद्द्यावर काढून टाकला; मात्र कुटुंबाच्या म्हणण्यांतील बऱ्याच गोष्टींस उपलब्ध कागदांचा आधार मिळतो, असें निकालांतच नमूद करून ठेवलें.

ओल्सनच्या अस्थि २००२ मध्यें पुन्हां पुरल्या. तें हॉटेल पुढें निराळ्या नांवानें चाललें, २०२० मध्यें बंद पडलें व २०२३ पर्यंत जमीनदोस्त झालें, तेव्हां खिडकीची उंची व चौकटीची रुंदी आतां कोणास मोजतां येणार नाहीं. शनिवारवाड्याच्या आंतील इमारती १८२८ च्या आगींत गेल्या. तट, दरवाजे, जोतीं व कारंज्यांचे हौद तेवढे उरले आहेत. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तेथें जाऊन एका जोत्यापासून कारंज्यापर्यंत पावलें मोजूं लागलों होतों. पहारेकऱ्यानें वाडा बंद होण्याची वेळ झाल्याचें सांगितलें, म्हणून मोजणी अर्धीच राहिली.