प्रकाशसंश्लेषण : प्रकाशऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर

हिरव्या वनस्पती, शैवले आणि सायनोबॅक्टेरिया हे नील-हरित जीवाणू ज्या प्रक्रियेने सूर्यप्रकाश शोषतात आणि त्यातील ऊर्जा पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून घडवलेल्या कार्बनी संयुगांत साठवतात, तिला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. तीत ऑक्सिजन वायू बाहेर पडतो. पृथ्वीवर दरवर्षी या मार्गाने सजीवांच्या शरीरात निव्वळ सुमारे १०,००० कोटी टन कार्बन बांधला जातो आणि त्याचा जवळजवळ अर्धा वाटा समुद्रातील सूक्ष्म प्लवकांचा असतो. प्रक्रियेचे दोन टप्पे मानतात. पहिल्यात प्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन होऊन एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट) हे ऊर्जावाहक आणि एनएडीपीएच हे इलेक्ट्रॉनवाहक संयुग तयार होते. दुसऱ्यात या दोहोंचा खर्च करून कार्बन डाय-ऑक्साइडपासून शर्करा बनते. ऊर्जेचे रूपांतर पहिल्या टप्प्यात घडत असल्याने प्रस्तुत नोंदीत त्याचेच विवेचन मुख्यत्वे केले आहे.

प्रकाश शोषणे हे या प्रक्रियेतील अवघड काम नव्हे. कोणतेही रंगद्रव्य ते करते. शोषलेली ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन विरून जाऊ न देणे, म्हणजेच एकदा सुटा झालेला इलेक्ट्रॉन आपल्या मूळ जागी परतू न देणे, हे खरे अवघड काम असून हरितलवकातील बहुतेक सारी रचना त्यासाठीच असल्याचे दिसते.

इतिहास : जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये असे दाखवले, की मेणबत्ती जळून दूषित झालेली बंद भांड्यातील हवा पुदिन्याच्या फांदीमुळे पुन्हा ज्वलनयोग्य होते. हे केवळ उजेडात आणि केवळ वनस्पतीच्या हिरव्या भागांमुळे घडते, हे यान इंगेनहाऊस यांनी १७७९ मध्ये सिद्ध केले. वनस्पती प्रकाशऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर करतात, हे विधान मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या यूलिउस रोबेर्ट मायर यांनी १८४५ मध्ये केले. भारतात जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीवर स्वयंचलित नोंदयंत्राच्या साहाय्याने केलेले प्रयोग १९२४ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात आले आहेत.

बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डाय-ऑक्साइडमधून येतो, ही समजूत विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. कॉर्नेलिस व्हान नील यांनी जांभळ्या गंधक-जीवाणूंचा अभ्यास केला, तेव्हा हे जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात व ऑक्सिजनऐवजी गंधक मागे ठेवतात असे त्यांना आढळले. त्यावरून हिरव्या वनस्पतीत फुटतो तो पाण्याचा रेणू, असे अनुमान त्यांनी काढले. रॉबर्ट हिल यांनी १९३० नंतरच्या दशकात पानातून वेगळी काढलेली हरितलवके घेतली आणि कार्बन डाय-ऑक्साइड नसतानाही, इलेक्ट्रॉन स्वीकारणारे लोहाचे लवण पुरवले, तर ती प्रकाशात ऑक्सिजन सोडतात हे दाखवले. पुढे सॅम्युएल रूबेन व मार्टिन केमेन यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाने खूण केलेले पाणी वापरून या अनुमानाला पुष्टी दिली. पाठ्यपुस्तकातील सुटसुटीत समीकरणात पाण्याचे सहा रेणू दाखवतात ते या दृष्टीने दिशाभूल करणारे आहे, कारण ऑक्सिजनच्या सहा रेणूंत बारा अणू असतात आणि ते सर्व पाण्यातून यायचे, तर पाण्याचे बारा रेणू फुटावे लागतात; त्यांपैकी सहांइतके पाणी विक्रियेत पुन्हा तयार होते.

प्रकाशाचे शोषण : हरितलवक हे पानातील पेशींत असणारे, साधारण पाच मायक्रोमीटर लांबीचे कोशिकांग असून त्याच्या आत थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात, त्या जागोजागी एकावर एक रचलेल्या असतात व अशा चळतींना ग्रॅना म्हणतात. पिशव्यांभोवतीच्या द्रवाला पीठिका ही संज्ञा आहे. हरितद्रव्य, त्याला धरून ठेवणारी प्रथिने व इलेक्ट्रॉनांचे बहुतेक वाहक थायलॅकॉइडच्या पटलात रोवलेले असतात. हे पटल सर्व बाजूंनी बंद असते व आतली पोकळी आणि बाहेरची पीठिका यांना पूर्णपणे वेगळे ठेवते. याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

हरितद्रव्याच्या रेणूत मॅग्नेशियमचा अणू मध्यभागी असलेले एक वलय असते आणि ते मुख्यत्वे निळा व तांबडा प्रकाश शोषते. हिरवा प्रकाश त्यामानाने कमी शोषला जात असला, तरी जाड पानात तो पेशींच्या थरांतून पुनःपुन्हा परावर्तित होत जातो व त्याचाही मोठा भाग अखेर उपयोगी पडतो. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा ऊर्जापुंज शोषला गेला, की रेणूतील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. निळ्या फोटॉनची जादा ऊर्जा लगेच उष्णतेत जाते, त्यामुळे निळा काय किंवा तांबडा काय, पुढच्या कामाला दोन्ही सारखेच. अल्कोहॉलमध्ये उतरवलेल्या हरितद्रव्यावर तीव्र प्रकाश टाकला, की द्रावण गडद तांबडे चमकते. उत्तेजित इलेक्ट्रॉन खाली येताना आपली ऊर्जा प्रकाशरूपाने परत टाकतो त्याची ही खूण असून तिला अनुस्फुरण म्हणतात. जिवंत पानात ही चमक अत्यल्प असते, कारण तेथे ऊर्जेला दुसरी वाट उपलब्ध असते.

रॉबर्ट एमर्सन व विल्यम आर्नल्ड यांनी १९३२ मध्ये क्लोरेल्ला या शैवलावर प्रकाशाचे अतिशय अल्पकालीन झोत टाकून मोजमाप केले, तेव्हा एका झोतात हरितद्रव्याच्या सुमारे २,५०० रेणूंमागे ऑक्सिजनचा फक्त एक रेणू मिळाला. याचा अर्थ पुढे असा लागला, की बहुसंख्य रेणू स्वतः रसायनक्रिया करत नाहीत. ते ऊर्जा गोळा करून शेजाऱ्याकडे सोपवतात आणि काही शेकडा रेणूंच्या अशा समूहाची ऊर्जा विक्रिया-केंद्र नावाच्या एकाच जागी पोहोचते. या प्रवासात इलेक्ट्रॉन हलत नाही, केवळ उत्तेजन हलते.

विक्रिया-केंद्र व विद्युत्‌भारांचे विलगीकरण : ऊर्जेचे रासायनिक रूप सुरू होते ते विक्रिया-केंद्रात. वनस्पतींत केंद्रे दोन प्रकारची असतात. ६८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास शोषण करणाऱ्या हरितद्रव्याचे केंद्र प्रकाशप्रणाली-२ मध्ये व ७०० नॅनोमीटरच्या आसपासचे प्रकाशप्रणाली-१ मध्ये असते. त्यांना अनुक्रमे पी-६८० व पी-७०० म्हणतात. क्रमांक शोधाच्या इतिहासातून आलेले असून इलेक्ट्रॉनांचा प्रवास दुसरीकडून पहिलीकडे होतो.

उत्तेजित झालेले पी-६८० काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) आपला इलेक्ट्रॉन शेजारच्या फिओफायटिन या रेणूला देते. आता एका बाजूला धन व दुसऱ्या बाजूला ऋण भार उभा राहतो आणि दोघांत ओढ असल्याने इलेक्ट्रॉन माघारी येण्याची शक्यता मोठी असते. तसे घडण्याआधीच तो क्विनोन वर्गाच्या एका घट्ट बसवलेल्या रेणूकडे व तेथून क्विनोनच्याच दुसऱ्या, सैल बसलेल्या रेणूकडे ओढला जातो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा ऊर्जेने थोडी खालची असते आणि प्रत्येक पायरीगणिक इलेक्ट्रॉन मूळ जागेपासून दूर जातो. दोन्हींमुळे परतीची वाट अधिकाधिक अवघड होते. वाटेत सांडणारी ऊर्जा म्हणजे अपव्यय नव्हे. ती न परतण्याची किंमत आहे, आणि ती चुकवली नाही तर अर्धा टप्पाही पार पडणार नाही. अशा केंद्रातील अणूंची मांडणी प्रथम जांभळ्या जीवाणूंत उलगडली; त्या कार्याबद्दल योहान डायझेनहोफर, रोबेर्ट हूबर व हार्टमूट मीखेल यांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाण्याचे विघटन : इलेक्ट्रॉन गमावलेले पी-६८० हे सजीवसृष्टीतील सर्वांत प्रबळ ऑक्सिडीकारकांपैकी एक आहे. पाण्यासारख्या स्थिर रेणूतून इलेक्ट्रॉन हिसकावण्याइतके बळ त्यात असते. परंतु एका फोटॉनने एकच इलेक्ट्रॉन सुटतो, तर पाण्याचे दोन रेणू फोडून ऑक्सिजनचा एक रेणू मिळवण्यासाठी चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि काम अर्धवट राहिले तर पेशीला घातक अशी मधली संयुगे मोकळी होण्याचा धोका असतो. ही अडचण मँगॅनिजचे चार, कॅल्शियमचा एक व ऑक्सिजनचे पाच अणू असलेला एक छोटा समुच्चय सोडवतो. तो चार इलेक्ट्रॉन एकामागून एक देत जातो आणि चौथा गेल्यावरच ऑक्सिजन सोडून पूर्वस्थितीला येतो. पिएर झोलिओ यांच्या प्रयोगांत, अंधारात ठेवलेल्या नमुन्यावर क्रमाने झोत टाकले असता ऑक्सिजनची सर्वाधिक मात्रा तिसऱ्या झोताला व त्यानंतर दर चौथ्या झोताला मिळे. बेसेल कॉक यांनी १९७० मध्ये चार पायऱ्यांच्या चक्राने त्याचे स्पष्टीकरण दिले (अंधारात समुच्चय बहुतांशी पहिली पायरी ओलांडूनच थांबलेला असतो, म्हणून प्रारंभी तीन झोत पुरतात). समुच्चयाची सूक्ष्म रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली.

एनएडीपीएच व एटीपी : सुटलेले इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम बी-६ एफ हा प्रथिनसमुच्चय आणि तांबेयुक्त प्लास्टोसायनिन या वाहकांमार्फत प्रकाशप्रणाली-१ कडे येतात. तेथे दुसरा फोटॉन शोषला जाऊन त्यांची ऊर्जा पुन्हा वाढते व फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनामार्फत ते एनएडीपीएचमध्ये बांधले जातात. दोन प्रणाली एकामागे एक जोडलेल्या आहेत, याची चाहूल एमर्सन यांच्याच प्रयोगांतून लागली. केवळ दूरतांबड्या प्रकाशात प्रकाशसंश्लेषण मंदावते, पण त्याला कमी तरंगलांबीच्या प्रकाशाची जोड दिली, तर मिळणारा वेग दोन्ही स्वतंत्र वेगांच्या बेरजेपेक्षा जास्त असतो, असे त्यांनी १९५७ मध्ये नोंदवले. हिल व फे बेंडॉल यांनी १९६० मध्ये इलेक्ट्रॉनांचा हा नागमोडी मार्ग मांडला.

एटीपी कसे बनते, हा प्रश्न त्यानंतरही वादाचा होता. इलेक्ट्रॉनांच्या वहनाबरोबर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, पीठिकेतून थायलॅकॉइडच्या पोकळीत ढकलले जातात. पाणी फुटतानाचे प्रोटॉनही तेथेच साठतात. पटल बंद असल्याने आतला द्रव आम्लधर्मी व बाहेरचा किंचित अल्कधर्मी होतो आणि या तफावतीतच ऊर्जा साठते, असे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये प्रतिपादन केले, तेव्हा फार थोड्यांना ते पटले. आंद्रे यागेनडॉर्फ यांच्या प्रयोगशाळेत १९६६ मध्ये थायलॅकॉइड आधी आम्लात भिजवून मग अल्कधर्मी द्रावणात टाकले गेले आणि पूर्ण अंधारात एटीपी तयार झाले. प्रकाशाशिवाय केवळ आम्लतेच्या फरकावर एटीपी बनू शकते, हे दाखवणारा इतका सरळ प्रयोग जीवरसायनशास्त्रात विरळा. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रोटॉन बाहेर परततात ते एटीपी-सिंथेज या एंझाइमातून, आणि त्यांच्या लोंढ्याने त्यातील वलय पाणचक्कीसारखे खरोखरच गोल फिरते. पालकाच्या हरितलवकात या वलयाचे १४ घटक असतात, म्हणजे एका फेऱ्याला १४ प्रोटॉन लागतात व एटीपीचे तीन रेणू मिळतात. येथे हिशेबात एक तूट निघते. ऑक्सिजनचा एक रेणू सुटेपर्यंत पोकळीत १२ प्रोटॉन जमतात. त्यांतून एटीपीचे सरासरी २.६ रेणू होतात, तर एनएडीपीएचचे दोन. कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू स्थिर करण्यासाठी मात्र एनएडीपीएचचे दोन व एटीपीचे तीन रेणू लागतात. ही तूट भरून काढण्यासाठी वनस्पती काही इलेक्ट्रॉन एनएडीपीएचकडे न पाठवता प्रकाशप्रणाली-१ भोवतीच फिरवतात. या चक्रीय वहनात केवळ एटीपी मिळते.

दुसऱ्या टप्प्यातील कार्बनचे चक्र मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन व जेम्स बॅशम यांनी किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरून उलगडले. त्यातील एंझाइमांना प्रत्यक्ष प्रकाश लागत नाही. तरीही त्यांतील अनेक फेरेडॉक्सिनकडून आलेल्या इलेक्ट्रॉनांमुळेच कार्यक्षम होतात, त्यामुळे हा टप्पा रात्री आपण होऊन चालू राहतो असे समजणे चुकीचे ठरते.

कार्यक्षमता : कार्बन डाय-ऑक्साइडच्या एका रेणूमागे किमान आठ फोटॉन लागतात. ते सर्व ६८० नॅनोमीटरचे धरले, तर एका मोलमागे सुमारे १,४०० किलोजूल खर्ची पडून शर्करेत सुमारे ४८० किलोजूल उरतात, म्हणजे कार्यक्षमता एक-तृतीयांशाच्या घरात जाते. सूर्यप्रकाशाचा जवळजवळ अर्धा भाग उपयुक्त तरंगलांबीच्या बाहेर असतो आणि श्वसन व प्रकाशश्वसन (कार्बन डाय-ऑक्साइडऐवजी ऑक्सिजन बांधला जाण्याची खर्चिक प्रक्रिया) यांत आणखी घट होते, त्यामुळे सैद्धांतिक मर्यादा भात-गव्हासारख्या पिकांत ४.६ टक्के, तर ऊस, ज्वारी, बाजरी व मका यांत ६ टक्के इतकीच काढण्यात आली आहे. ऊसवर्गीय पिकांत कार्बन डाय-ऑक्साइड आधी चार कार्बनी आम्लात बांधून मग आतल्या पेशींत एकवटला जातो. त्यासाठी अधिक एटीपी खर्च होते, पण उष्ण प्रदेशात प्रकाशश्वसन टळल्याने तो खर्च परवडतो. शेतातले प्रत्यक्ष आकडे यापेक्षा बरेच खाली असतात.

भर उन्हात पानाला मिळणारा प्रकाश त्याच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतो. त्या वेळी झीॲझँथिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते आणि जादा ऊर्जा उष्णता करून सोडून दिली जाते. तरीही प्रकाशप्रणाली-२ मधील डी-१ हे प्रथिन सतत खराब होते व वनस्पतीला ते वरचेवर नवे घडवावे लागते. मका व ऊस यांत वापरले जाणारे ॲट्राझीन हे तणनाशक याच डी-१ प्रथिनावर, दुसऱ्या क्विनोनच्या जागी जाऊन बसते आणि इलेक्ट्रॉनाची पुढची वाट अडवते. मका ते विष पेशीत निकामी करतो, तण करू शकत नाही. ॲट्राझीनच्या गटातील तणनाशकांना दाद न देणारे तण १९७० मध्ये अमेरिकेत नोंदवले गेले. अशा तणांत आढळणारा नेहमीचा बदल डी-१ मधील २६४ व्या जागच्या एका ॲमिनो आम्लाचा असतो: सेरीनऐवजी तेथे ग्लायसीन येते, तणनाशक चिकटत नाही, पण क्विनोनही पूर्वीइतके नीट बसत नाही आणि त्यामुळे तणनाशक नसलेल्या शेतात ही तणे साध्या तणांपुढे बहुधा मागे पडतात.