मतदान केंद्रावरील स्वयंसेवक

निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राच्या वाटेवर एक परिचित दृश्य दिसते. रस्त्याच्या कडेला टेबल मांडून एखाद्या पक्षाचे दोन-चार कार्यकर्ते बसलेले असतात. पुढ्यात मतदारयादी उघडी असते, आणि येणाऱ्याचे नाव शोधून त्याचा यादीतील क्रमांक ते एका चिठ्ठीवर लिहून देतात. काही पावलांवर प्रतिपक्षाचे टेबल असते आणि तेथेही हेच काम चाललेले असते. हा स्वयंसेवक मनाने पक्षाचा असतो. परंतु म्हाताऱ्या मतदाराला त्याची खोली दाखविताना तो जे काम करतो ते साऱ्या समाजाचे असते. पक्षनिष्ठा आणि लोकसेवा यांची सीमा कोठे आखावी, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडमध्ये शोधावा लागतो. १८७२ पर्यंत तेथे मतदान उघड होत असे. मतदाराने सर्वांसमक्ष उभे राहून आपल्या उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगावयाचे, आणि कारकुनाने ते वहीत टिपून घ्यावयाचे, अशी रीत होती. कोणी कोणास मत दिले याच्या छापील याद्या पुष्कळ ठिकाणी विकतही मिळत. खाली जमलेल्या गर्दीत दोन्ही बाजूंचे लोक असत. जयघोष, शिव्याशाप आणि फुकटची दारू यांना तोटा नसे. चार्ल्स डिकन्सने आपल्या ‘पिक्विक पेपर्स’ या कादंबरीत अशा निवडणुकीचे विडंबन केले आहे. परंतु ज्या कुळाला जमीनदारासमोर मत सांगावे लागे, त्याला ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नव्हती. १८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समधील कित्येक कुळांना, मालकाच्या इच्छेविरुद्ध मत दिले एवढ्याच कारणासाठी, शेतीवरून हुसकून लावण्यात आले.

गुप्त मतदानाचा कायदा १८७२ च्या जुलै महिन्यात संमत झाला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी ही पद्धत १८५६ मध्येच स्वीकारली होती. १५ ऑगस्ट १८७२ रोजी यॉर्कशायरमधील पाँटेफ्रॅक्ट येथे नव्या कायद्याखाली पहिली पोटनिवडणूक झाली आणि ह्यू चिल्डर्स निवडून आले. ते गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध होते. त्या वड्यांवर उमटविण्याच्या शिक्क्यानेच मतपेटीच्या लाखेवर मुद्रा करण्यात आली. ती पेटी तेथील संग्रहालयात जतन केलेली आहे. या कायद्याने केंद्रातील अधिकाऱ्यांप्रमाणेच उमेदवारांच्या प्रतिनिधींवरही गुप्ततेचे बंधन घातले. पक्षाच्या माणसाला आत बसू दिले, पण त्याच्या जिभेला कुलूप घातले.

यानंतर १८८३ च्या कायद्याने निवडणुकीच्या खर्चाला मर्यादा घातली. पगारी प्रचारक नेमण्यास आणि मतदारांना आणण्यासाठी गाड्या भाड्याने घेण्यास बंदी झाली. जे काम पूर्वी पैसे देऊन होत असे ते आता हौसेने करून घेणे पक्षांना भाग पडले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या प्रिमरोझ लीगने हजारो स्त्रियांना घरोघरी प्रचाराला पाठविले. ज्यांना स्वतःला संसदेसाठी मत देण्याचा अधिकार नव्हता, त्या स्त्रिया इतरांची मते मिळवीत हिंडत होत्या! निवडणुकीतला आधुनिक स्वयंसेवक पुढे आला तो असा. पैशाला दार बंद झाले म्हणून निष्ठेला दार उघडले.

भारतात २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी तालुक्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले आणि १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत ते देशभर चालले. सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. सुमारे १७ कोटी मतदारांपैकी बहुसंख्यांना लिहितावाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी वेगळी ठेवली आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावी असे ठरले. योजना सोपी होती, परंतु तिच्यात एक छिद्र राहिले. पडद्याआड गेलेला मतदार मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत असे. बाहेर ती घेणारा पक्षाचा माणूस भेटला की मताची विक्री पूर्ण झाली. १९५७ नंतर ही पद्धत मागे पडली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारून ती एकाच सामाईक पेटीत टाकण्याची रीत रूढ झाली.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात इंग्लंडच्या अनुभवाचा ठसा स्पष्ट दिसतो. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करणे गुन्हा आहे. मतदारांसाठी उमेदवाराने वाहने पुरविणे हा भ्रष्टाचार ठरतो, आणि त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते. स्वयंसेवकाने द्यावयाची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची असावी, तिच्यावर उमेदवाराचे नाव किंवा पक्षाचे चिन्ह नसावे, असा दंडक आहे. केंद्र बळकावण्याच्या दांडगाईसाठी १९८९ मध्ये स्वतंत्र कलम घालावे लागले. स्वयंसेवकाची टोळी झाली म्हणजे काय होते, हे तोवर देशाने पाहिले होते.

तथापि कायद्याने पक्षाच्या माणसाला केंद्राबाहेर घालवून दिले नाही. मतदान प्रतिनिधी आत बसतो आणि तोतया मतदार आल्याची शंका आल्यास आक्षेप घेऊ शकतो. त्यासाठी त्याला दोन रुपये अनामत भरावे लागतात. आक्षेप केवळ खोडसाळपणाचा ठरल्यास ती रक्कम जप्त होते. रक्कम क्षुल्लक असली तरी तिच्यामागचा विचार क्षुल्लक नाही. संशय घेण्याचा हक्क आहे, पण तो जबाबदारीने वापरला पाहिजे. प्रतिस्पर्धी पक्षांची माणसे एकाच बाकावर बसून एकमेकांवर लक्ष ठेवतात, आणि त्या परस्पर अविश्वासातूनच निकालावरचा सर्वांचा विश्वास निर्माण होतो.

गोमंतकातील जनमत कौल या दृष्टीने आठवण्याजोगा आहे. महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, या प्रश्नाने घराघरांत दोन तट पडले होते. मतदान निःपक्षपाती व्हावे यासाठी विलीनीकरणवादी दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने १९६६ च्या डिसेंबरात अधिकारपद सोडले. १६ जानेवारी १९६७ रोजी ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ या चिन्हांवर मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. त्यानंतर मार्च महिन्यातील विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा बहुमत दिले. ज्याने कौल घेण्यापूर्वी सत्ता बाजूला ठेवली, त्याला पराभवानंतरही लोकांसमोर जाता आले.

मतदान संपते, टेबले उचलली जातात, आणि दिवसभर समोरासमोर बसलेले दोन स्वयंसेवक एकाच वाटेने घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाच विहिरीवर पाणी भरावयाचे असते आणि एकाच बाजारात भेटावयाचे असते. आपल्या पक्षासाठी झटताना शेजाऱ्याच्या मताचा पडदा ज्याने जपला, त्याला त्या बाजारात कोणाचीही नजर चुकवावी लागत नाही.