कार्ब्युरेटर नेमका हरला कुणाकडून?



पीएचडीच्या प्रस्तावातलं माझं पहिलं प्रकरण या वाक्याने सुरू होत होतं: 'कार्ब्युरेटर अकार्यक्षम होता, म्हणून फ्युएल इंजेक्शन आलं आणि प्रदूषण कमी झालं.' सरांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ मध्ये बाजारात होतं. मग पुढे इतकी वर्षं कार्ब्युरेटर का विकला गेला?'

मला उत्तर देता आलं नाही. ते प्रकरण नव्याने लिहिण्यात दीड महिना गेला. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर हा दीड महिना तुम्हाला फुकटात देते.

आधी १९६७ चं बघू. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक प्रणाली त्या वर्षी फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजायचा, त्यावरून पेट्रोल किती लागेल याचा हिशोब करायचा आणि तेवढं फवारायचं. पण जळून बाहेर काय पडलं, हे ती बघत नव्हती. आमटीत मीठ मापून टाकलं, पण चव घेतलीच नाही, असा प्रकार. कार्ब्युरेटरही हेच करतो, फक्त जास्त ढोबळपणे. थंडी, घाटातली विरळ हवा, झिजलेले जेट, काहीही झालं की त्याचं माप चुकतं. तरी गाडी चालते. आणि गाडी चालते तोवर स्वस्त वस्तू कोण बदलणार?

म्हणजे बदलाचं कारण इंजिनाच्या बाहेर शोधायला हवं. त्यासाठी लॉस एंजेलिसला जावं लागतं.

जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळे झोंबवणारं धुकं उतरलं. युद्धाचे दिवस, त्यामुळे काहींना तो जपानचा वायुहल्ला वाटला. मग कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर आळ आला. तो बंद केला, तरी धुकं येतच राहिलं. उत्तर सापडलं अननसाच्या स्वादावर काम करणाऱ्या माणसाला. आरी हागन-स्मिट हे कॅलटेकमधले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. म्हणजे गुन्हेगार कारखाना एकटा नव्हता, गाड्यांचा धूरही होता. तेल उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी याला बराच काळ विरोध केला.

पुढे १९७० चा अमेरिकन 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' आला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत नव्वद टक्के कमी करा, नायट्रोजनची ऑक्साइडं १९७६ पर्यंत, असा त्याचा आदेश होता. मुदती नंतर पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा ठरली.

आता नीट लक्ष द्या, खरी अडचण इथे आहे. मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन संपवायचे तर त्यांना ऑक्सिजन *द्यावा* लागतो. नायट्रोजनची ऑक्साइडं मोडायची तर त्यांच्याकडून ऑक्सिजन *काढून घ्यावा* लागतो. १९७५ च्या अमेरिकन गाड्यांमध्ये आलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फक्त पहिलं काम करत. तिन्हींवर एकाच वेळी काम करणारा 'थ्री-वे' कन्व्हर्टर शक्य होता, पण त्याची अट कडक होती. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, आणि या प्रमाणाच्या अगदी जवळपासच तो तिन्ही कामं करतो. पेट्रोल जरा जास्त झालं की एक बाजू सुटते, हवा जरा जास्त झाली की दुसरी. एवढं अचूक माप नुसत्या अंदाजाने, कार्ब्युरेटरने असो की इंजेक्शनने, रस्त्यावर टिकवणं अशक्य होतं.

म्हणून चव घेणारं कुणीतरी हवं होतं. ते काम लॅम्डा सेन्सरने केलं. झिर्कोनियाच्या पोकळ सिरॅमिकच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून व्होल्टेज तयार होतं: धुरात ऑक्सिजन उरला असेल तर साधारण ०.१ व्होल्ट, नसेल तर ०.९ च्या आसपास. १४.७ च्या रेषेवर ते झटकन उडी मारतं. यामागचं समीकरण वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडलेलं होतं! सेन्सर सांगतो 'जास्त', पेट्रोल थोडं कमी होतं. सेन्सर सांगतो 'कमी', थोडं वाढतं. हे सतत चालू राहतं.

१९७६ मध्ये व्होल्वोने अमेरिकेसाठीच्या २४० मालिकेत सेन्सर आणि थ्री-वे कन्व्हर्टर एकत्र आणले. आणि गंमत बघा, त्या गाडीचं इंजेक्शन मुळात यांत्रिक होतं. इतकंच नाही, १९८० च्या आसपास अमेरिकेत लॅम्डा सेन्सर जोडलेले कार्ब्युरेटरही विकले गेले. म्हणजे 'जुनं विरुद्ध नवं' ही माझी मांडणीच चुकीची होती. कार्ब्युरेटर इंजेक्शनकडून हरला नाही. त्याला हरवलं कन्व्हर्टरच्या अटीने. त्या अटीमुळे क्षणोक्षणी दुरुस्ती करावी लागू लागली, आणि ते काम इंजेक्शनला जास्त सहज जमत होतं.

आपल्याकडचा पुरावाही हेच सांगतो. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं कन्व्हर्टरचा पृष्ठभाग निकामी करतं, म्हणून तिथे शिसेविरहित पेट्रोलही आलं. पण देशभरातून शिसं हटायला २००० साल उजाडलं. मधल्या काळात महानगराबाहेर गेलेल्या गाडीने कुठलं पेट्रोल भरायचं? एक सुटा भाग सक्तीचा करून व्यवस्था तयार होत नाही. आणि दुचाकींचं बघा: बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होईपर्यंत टिकून होता. इंजेक्शनचं तंत्र तोवर अर्धशतक जुनं झालं होतं. त्याची गरज निर्माण केली ती नियमाने.

तेव्हा तुमच्या प्रस्तावात 'अमुक मागास होतं, म्हणून तमुक आलं' असं वाक्य आलं, की थांबा. दोघं एकाच वेळी किती वर्षं नांदत होते, ते आधी शोधा. मग विचारा: जुन्याला न जमणारी अट कुणी घातली, आणि कधी? माझ्या वाक्यातल्या 'म्हणून' या एका शब्दाखाली हागन-स्मिट, कायदा, शिसं आणि नेर्न्स्ट, सगळे गाडले गेले होते.

तुमच्या प्रस्तावातले 'म्हणून' आजच मोजून बघा.