पदवी, कारखाना आणि बाजारपेठ

अभियांत्रिकीचे शिक्षण उद्योजक घडवते काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत शोधता येते. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांचे पुत्र शंतनुराव (१९०३-१९९४) यांनी मात्र १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी संपादन केली.

पहिली पिढी : रेखाटन आणि अनुभव

लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले ते चित्रकार होण्यासाठी. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सुटली. यांत्रिक रेखाटन मात्र हाती लागले. पुढे हाच विषय त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवला. नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि सायकलींच्या व्यवसायातून कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगराला सुरुवातीस गिऱ्हाईक मिळेना. यंत्र तयार करण्याइतकेच ते पटवून देणेही कठीण असते, हा धडा कोणत्याही वर्गात मिळणारा नव्हता. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची उभारणी झाली.

दुसरी पिढी : मोजमापाची शिस्त

शंतनुरावांनी १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. नांगर आणि डिझेल इंजिन यांच्या निर्मितीत मूलभूत फरक आहे. नांगराचा फाळ गावच्या लोहाराला ठोकूनठाकून बसवता येतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन पेट घेते. त्यामुळे इंधन-पंपाच्या भागांत मिलिमीटरच्या काही सहस्रांशाइतकाच फरक चालतो. शिवाय विहिरीवरील इंजिनाचा सुटा भाग बदलताना नवा भाग तंतोतंत बसावा लागतो. त्यासाठी अचूक आराखडे, धातूंचे ज्ञान आणि प्रत्येक टप्प्यावरील तपासणी अनिवार्य ठरते. अभियांत्रिकीचे शिक्षण नेमकी हीच शिस्त अंगी बाणवते. १९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या सहकार्याने किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. अशा भागीदारीत परदेशी तंत्रज्ञान पारखून घेण्यासाठीही हे ज्ञान आवश्यक असते.

शिक्षणाची मर्यादा

शंतनुरावांनी शून्यातून आरंभ केला नव्हता, हेही विसरून चालणार नाही. चालू कारखाना, कुशल कारागीर आणि शेतकऱ्यांचा विश्वास ही वडिलांनी कमावलेली पुंजी त्यांच्या पाठीशी होती. पदवीमुळे काय निर्माण करता येईल याची कक्षा रुंदावली. ते कोण विकत घेईल, याचे उत्तर पदवीने दिले नव्हते. अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून स्वतंत्र व्यवसायाचा विचार करणाऱ्या तरुणांनी म्हणूनच आराखड्याइतकाच गिऱ्हाइकाचाही अभ्यास करणे अगत्याचे आहे.